लसीच्या दिवशीच बाळाच्या डोक्याचा घेर टेपने मोजा

संपादक महोदय,

लहान बाळांच्या तब्येतीवर तुमच्या पेपरात बरंच येतं, पण डोक्याच्या आकाराबद्दल कधी वाचलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या नातवाचं डोकं जन्मापासून होडीसारखं लांबट, कपाळ पुढे आलेलं, आणि जो तो म्हणायचा मालिशवाल्या मावशी गोल करतील, टाळू भरा, मोहरीची उशी द्या. त्याने काही होणारच नव्हतं, कारण कवटीच्या मधली उभी शिवण, म्हणजे हाडांमधला सांधा जो बाळाचा मोकळा असायला हवा, ती आईच्या पोटातच जुळून गेली होती. याला क्रॅनियोसिनोस्टोसिस म्हणतात, साधारण दोन-अडीच हजार बाळांत एकाला असतं. पहिल्या वर्षात डोक्याचा घेर जवळजवळ १२ सेंमी वाढतो, मेंदू काय थांबत नाही, मग कवटी जिकडे मोकळी तिकडे फुगत जाते आणि काही मुलांच्या मेंदूवर दाबही येतो.

तीन-चार महिन्यांच्या आत कळलं तर दुर्बिणीने छोट्या छेदांतून जुळलेल्या शिवणीची हाडाची पट्टी काढतात, पुढे काही महिने डोक्याला आकार देणारं हेल्मेट घालावं लागतं. आम्हाला कळलं तेव्हा ती वेळ गेली होती, दाखवलं तिथे "होईल नीट" एवढंच सांगितलेलं. मग आठव्या महिन्यात मोठं ऑपरेशन, या कानापासून त्या कानापर्यंत छेद, हाडं काढून आकार देऊन परत बसवली, रक्त द्यावं लागलं. आता बाळ छान आहे, त्यामुळे उशीर झाला असला तरी आईबापांनी घाबरून मागे हटू नये, हे मला मुद्दाम सांगायचंय. आणि एकाच कुशीवर झोपून डोकं मागून चपटं होतं ते वेगळं, त्यात शिवण मोकळी असते, त्याला ऑपरेशन लागत नाही. पण हा फरक डॉक्टरांनी हात लावून बघायला हवा ना, घरच्यांनी अंदाज करून कसं चालेल?

मुलांची आरोग्य तपासणी करणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरहूनच सुरू झाला. त्याच्या जन्मदोषांच्या यादीत फाटलेला ओठ आहे, वाकडी पावलं आहेत, हृदयाचे दोष आहेत, पण हा आजार त्यात नाही. तो घाला. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला बहुतेक बाळं येतातच, दुर्बिणीच्या ऑपरेशनची वेळही नेमकी तीच. तेव्हा नर्सताईंनी टेपने घेर मोजून कार्डावर लिहावा, शिवणीवर बोटाला उंचवटा लागतोय का बघावं, शंका आली तर सरळ मुलांच्या न्यूरोसर्जनकडे पाठवावं. टेप तर प्रत्येक केंद्रात असतेच.

– एक आजी, सातारा