पिशवीबरोबर काय गेलं

तीर्थरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई पावसापाण्याचं विचारायला लागते, म्हणून लिहायला बसले. बाबा, आईला वाचून दाखवा. मधले शब्द गाळू नका.

मोरीत नुसता पाय घसरला आणि आईचं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "पाळी कधी गेली?" बाबा, तुम्ही म्हणालात, "तिची पिशवी काढलीय, जुनी गोष्ट आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा वय किती होतं? ३६. नुसती पिशवीच काढली, की अंडाशयंही? आपण तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

त्या रात्री पत्र्याच्या पेटीतून मी १९९९ चं डिस्चार्ज कार्ड शोधलं. गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली, असं त्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलंय. इतकी वर्षं तो कागद आपल्या घरात होता.

आई, पाळी चालू असेपर्यंत बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयांत तयार होतं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते आणि त्याआधी काही वर्षं हे संप्रेरक कमीजास्त होत उतरत जातं. तुझं एका दुपारी संपलं. हाडांची झीज तेच रोखून धरतं. ते गेलं की पहिली काही वर्षं हाडं झपाट्यानं विरळ होतात, बाहेरून काहीच दिसत नाही.

मला ऑपरेशननंतरचा जानेवारी आठवतो. आम्ही दोन-दोन गोधड्यांत, आणि तू ओट्यावर उघड्या फरशीवर, पदरानं वारा घेत. अंगातून वाफा निघतात म्हणायचीस. उष्णता झाली म्हणून आजीनं सब्जा दिला, गुलकंद दिला. तू रात्रभर जागी असायचीस आणि सकाळी आमच्यावर ओरडायचीस. 'आईचा स्वभावच तापट' असं आम्ही मुलांनी ठरवून टाकलं. मी तर तुझ्याशी दोन-दोन दिवस बोलायची नाही. आई, तो तुझा स्वभाव नव्हता गं. मला माफ कर.

बाबा, तुमच्याकडे बोट दाखवायला हे लिहीत नाही. अंगावरून जायचं थांबत नव्हतं, 'आज ना उद्या कॅन्सर होईल' असं सांगितलं गेलं, आणि तुम्ही बैल विकून पैसे भरलेत. मुलं झाली, आता पिशवीचं काय काम, असं सगळेच म्हणत होते. आपल्याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ साली सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा पिशवी काढलेल्या हजारो जणी निघाल्या. त्यांतल्या कितीतरी तेव्हाच्या आईएवढ्या, काही तर तिच्याहून लहान. म्हणजे आपल्या एकट्याच्या घरात हे झालं नाही. राग मला याचा येतो की, घरी सोडताना कुणी दोन वाक्यं बोललं नाही. इतक्या लहान वयात अंडाशयं काढली आणि दुसरी काही अडचण नसली, तर पाळी एरवी ज्या वयात गेली असती तोपर्यंत संप्रेरकांची औषधं देतात. आता बासष्टाव्या वर्षी ती नव्यानं सुरू करायची नाहीत, असं इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या.

पण हाडांसाठी वेगळी औषधं आहेत. त्याआधी डेक्सा तपासणी करायची. टेबलावर कपड्यांसकट निजायचं, खुबा आणि मणक्याच्या हाडांची घनता मोजतात, सुई नाही. तरुण, निरोगी हाडांशी तुलना करून एक आकडा देतात; तो उणे अडीच किंवा त्याखाली आला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. ड जीवनसत्त्वाचं रक्तही तपासून घेऊ. नाचणीची भाकरी चालू ठेव, पण तेवढ्यावर भागणार नाही.

आणखी एक, आई. लघवीला सारखी जळजळ होते आणि तू धण्याचं पाणी पिऊन दिवस काढतेस, तेही इस्ट्रोजेन गेल्यामुळे असू शकतं. त्यासाठी जागच्या जागी लावायचं मलम मिळतं आणि ते या वयातही चालतं. यात लाजायचं काही नाही.

प्लास्टर निघालं की दोघंही पुण्याला या. बाबा, ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा. मोरीत खरखरीत फरशी बसवायला दादाला सांगितलंय. तोवर आईला तिथे एकटीला जाऊ देऊ नका.

आणि आई, या वेळी डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर तू द्यायचंस.

तुमची,
धाकटी