ताई, एक शिवारफेरी गोवंडीतही काढा

प्रति,
मा. पंकजाताई मुंडे,
मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

2009 साली तुम्ही परळीतून पहिल्यांदा विधानसभेत गेलात, तेव्हापासून तुमची वाटचाल आम्ही लांबूनच पाहत आलो. 2019 चा पराभव, मग 2024 मध्ये विधान परिषद आणि वर्षअखेरीस पर्यावरण खातं. राजकारणात या खात्याला फारसं कुणी वजनदार समजत नाही. मला मात्र ते तुमच्याकडे आलं याचं बरं वाटलं. कारण जलयुक्त शिवार.

जलसंधारण खातं तुमच्याकडे होतं तेव्हा, 2014 च्या डिसेंबरात ती योजना सुरू झाली. नाला खोलीकरणाच्या अतिरेकावर टीका झाली, भूजल पातळी फारशी वाढली नाही असं कॅगनेही म्हटलं. ती टीका मला पटते. तरी त्यातली एक गोष्ट मी आजही मोलाची मानते. आराखडा ठरवण्याआधी अधिकारी आणि गावकरी मिळून शिवारफेरी काढायची, ओढ्यात गाळ कुठे साचलाय, बंधारा कुठे फुटलाय हे जागेवर बघायचं आणि मग आराखडा ग्रामसभेपुढे ठेवायचा, अशी ती रीत होती.

आमच्या हवेच्या वाट्याला अशी फेरी कधी आली नाही.

मुंबईतल्या गोवंडी, देवनार, चेंबूर, माहूल या पट्ट्यात रिफायनऱ्या आहेत, खत कारखाना आहे, 1927 पासूनचं डम्पिंग ग्राउंड आहे. त्यात आता रेडीमिक्सचे, म्हणजे बांधकामासाठी तयार काँक्रीट बनवणारे प्लांट. रात्री उशिरा मिक्सर गाड्यांची रांग लागते. ड्रममधून ओघळलेला ओला माल रस्त्यावर सांडतो, सकाळपर्यंत दगडासारखा घट्ट होतो आणि मग दिवसभर ट्रकच्या, बसच्या चाकांखाली त्याचं पीठ होत राहतं. तेच पीठ खिडकीतल्या तुळशीवर बसतं, शाळेत निघालेल्या पोरांच्या नाकातोंडात जातं. प्लांटच्या आत पत्रे उभारले, पाणी फवारलं तरी ही धूळ थांबत नाही, कारण ती गेटबाहेर तयार होते. तपासणीच्या कागदावर ती येणार कुठून? ती बघायला सकाळी रस्त्यावरच उभं राहावं लागतं.

नियमांची वाण नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये पालिकेने धुळीसाठी सविस्तर नियमावली काढली. 1981 च्या हवा कायद्यानुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय असा प्लांट चालूच शकत नाही, आणि अटी मोडल्या तर मंडळ तो बंद करू शकतं, त्याची वीज-पाणी तोडायला लावू शकतं. एवढं हत्यार तुमच्या खात्याच्या हातात आहे. पण संमतीपत्रात अटी काय आहेत हे भिंतीला लागून राहणाऱ्यांनाच ठाऊक नसतं. तक्रार करावी, तर रस्ता कुणाचा आणि धूळ कुणाची यावरच टोलवाटोलवी सुरू होते.

म्हणून ताई, आमच्या वॉर्डात शिवारफेरी काढा. मंडळाचे क्षेत्र अधिकारी, पालिकेचे अभियंते आणि रहिवासी, सगळे एकत्र. एकदा रात्री, एकदा सकाळी. प्रत्येक प्लांटच्या गेटवर संमतीच्या अटी मराठीत, ठळक अक्षरात लागू द्या. चाकं आणि ड्रमचं तोंड धुतल्याशिवाय एकही गाडी रस्त्यावर येणार नाही, ही अट प्रत्येक संमतीपत्रात घाला.

परळीच्या लेकीला हे फार समजावून सांगायची गरज नाही. औष्णिक विद्युत केंद्राची राख भोवतालच्या गावांचं काय करते, ते तुम्हाला माहीत आहे.

पाऊस उघडला की बांधकामं जोर धरतात, आणि थंडीत वारा पडला की धूळ वर न जाता वस्तीतच कोंडून राहते. फेरी त्याआधी, ऑक्टोबरातच निघायला हवी. कोणत्या प्लांटवर काय आढळलं आणि त्याचं पुढे काय केलं, ते हिवाळी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवा. प्लांटवाल्यांना मात्र फेरीची आगाऊ सूचना नको.

आपली,
चेंबूरची एक रहिवासी