प्रयोगशाळेतल्या काकांचे जाहीर आभार: चुंबकीय पुट्टीसाठी

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या मुलांची चुंबकीय पुट्टी (चुंबकाकडे आपोआप सरकणारा मऊ, ताणला जाणारा गोळा) जमली ती तुमच्यामुळे. हे चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे जाहीर पत्र.

या प्रयोगात सगळा खेळ भुकटीचा. दुकानात नुसतं 'आयर्न ऑक्साइड' मागितलं की बहुधा फरशीचं लाल ऑक्साइड हाती पडतं आणि ते चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. हवं असतं काळं, म्हणजे मॅग्नेटाइट. काळा रंग म्हणून कधी निव्वळ काजळीही मिळते. म्हणून तुम्ही चिमूटभर भुकटी कागदावर घेऊन खालून चुंबक फिरवून दाखवलात. कण उभे राहिले, तरच पुढचं काम. लेथवरचा लोखंडी कीस का नको, तेही सांगितलंत: तो बोटांत घुसतो आणि ओल्या पुट्टीत गंजतो.

तुमचं माप इतर शाळांसाठी इथे देतो. ५० ग्रॅम पांढरा फेविकॉल, २५ ग्रॅम काळं ऑक्साइड, आणि १०० मिली कोमट पाण्यात विरघळवलेला ४ ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स). आधी भुकटी फेविकॉलमध्ये गुठळ्या मोडेपर्यंत घोटायची. टाकणखाराचं पाणी त्यानंतर, एकेक चमचा. क्रम उलटला तर गोळा आधीच आळतो आणि भुकटी आत शिरतच नाही. मिश्रण बोटाला चिकटेनासं झालं की थांबायचं. पाणी उरतं, ते उरू द्यायचं. जास्त पडलं तर गोळा पाणी सोडतो, ओढताच तुटतो. मग कोमट पाण्याचे थेंब देत मळत राहायचं.

टाकणखारातलं बोरेट फेविकॉलमधल्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतं, पण त्या गाठी सुटतात आणि पुन्हा बसतात. त्यामुळे पुट्टी हळू ओढली की ताणते, हिसका दिला की तुटते, आणि नियोडिमियमचा जोरदार चुंबक शेजारी ठेवला की सावकाश सरकत त्याला गिळते. फ्रिजवरचा चुंबक इथे अपुरा पडतो.

सर्वांत मोठे आभार मात्र पुढच्या गोष्टीसाठी. खेळण्यावर न थांबता तुम्ही १०, २० आणि ३० ग्रॅम भुकटीच्या तीन पुट्ट्या करायला लावल्यात. गोळ्यांचं वजन सारखं, चुंबक तोच, आणि गिळायला लागणारा वेळ घड्याळावर. भुकटी वाढली की ओढ वाढते, पण पुट्टी घट्टही होते; या दोहोंचा मेळ मुलांना वहीत मांडावा लागला. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं.

चुंबक मोजून देणं आणि मोजून परत घेणं ही तुमची शिस्तही आम्ही कायम ठेवू. दोन चुंबक पोटात गेले तर आतडं त्यांच्यात चिमटतं, हे पालकांनाही कळवलं आहे. टाकणखार हाताळल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं केलं आहे. गणवेशावरचे डाग तुम्ही सांगितल्याप्रमाणे व्हिनेगरने सैल झाले.

उरलेली भुकटी 'चुंबकाने तपासलेली' अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहे. दिवाळीनंतर सातवीच्या तुकड्या हाच प्रयोग करणार आहेत. तेव्हा पुन्हा तुम्हालाच बोलवू.

आपले,
शाळेचे विज्ञान शिक्षक