दूध पिणाऱ्यांचं बी-१२ कोण विचारणार?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाण्याच्या, आहारावरचा लेख काल पुन्हा वाचला, पण राग काही जाईना. दोन डॉक्टर घाबरवतात, दोन आहारतज्ज्ञ पाठ थोपटतात आणि दूध-मांसातून मिळणाऱ्या बी-१२ या जीवनसत्त्वाचा विषय एका चौकटीत उरकलेला.

माझी लेक तीन वर्षांपूर्वी व्हीगन झाली. दूध, दही, तूप, सगळं बंद. मला ते पटलेलं नाही, आजही नाही. गेल्या पावसाळ्यात ताप आला म्हणून ती आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. तापाबद्दल दोन मिनिटं आणि दुधावरून पंधरा मिनिटं बोलणी खाऊन आली. हाडं ठिसूळ होतील, बाळंतपणात त्रास होईल, उद्यापासून दूध सुरू कर. बी-१२ ची गोळी घेतेस का, एवढं मात्र विचारलं नाही. ती नेमाने घेत होती.

त्याच डॉक्टरांना मी वर्षभर सांगत होते की तळपायांची आग होते, रात्री मुंग्या येतात. ‘वय झालं, शुगर आहे’ म्हणत त्यांनी फॉलिक ॲसिड दिलं. रोज वाटीभर दही खाणाऱ्या बाईचं बी-१२ कमी असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. मी नऊ वर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिन हे औषध घेते, त्यानेही बी-१२ उतरतं. शेवटी लेकीने हट्टाने दोघींचं रक्त तपासून घेतलं. तिचं ४१०, माझं १२६! फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी आत चालूच राहते, हे मला तेव्हा कळलं. इंजेक्शनांनी मुंग्या थांबल्या, डाव्या पायाच्या बोटांचा बधिरपणा अजून आहे.

पुण्यात तरी हे डॉक्टरांना ठाऊक असायला हवं. मधुमेहाचे संशोधक डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या २०४ जणांचं रक्त तपासलं, त्यात ४७ टक्के लोकांचं बी-१२ कमी निघालं. ही २००१ मधली गोष्ट. तेव्हा आपल्याकडे व्हीगन हा शब्द तरी कुणी ऐकला होता का?

लेखातल्या चुकांबद्दलही लिहायलाच हवं. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१६ चं मत तुम्ही छापलंत, की हा आहार नीट आखला तर गरोदर बायका आणि बाळांनाही चालतो. त्याच संघटनेचं २०२५ चं निवेदन फक्त प्रौढांपुरतं आहे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना त्यात धरलेलं नाही. एखादी पोटुशी मुलगी तुमचा लेख वाचून निर्धास्त राहिली तर? आणि स्पिरुलिना या शेवाळातून बी-१२ मिळतं, हे चौकटीतलं वाक्य साफ चुकीचं आहे. त्यात असतं ते बहुतांशी शरीराला उपयोगी न पडणारं. त्याच पानावर खाली स्पिरुलिनाच्या गोळ्यांची जाहिरात होती, तेही मला खटकलं.

येत्या रविवारी त्याच पानावर, ठळक अक्षरांत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे