पोरांना पाऊस काढायला सांगताय, मग हिरोशिगेही दाखवा

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीत शाळकरी मुलांची पावसाळ्याची चित्रं आली, बघून बरं वाटलं, पण जवळपास सगळ्यांत तेच, दोन डोंगर, मधून नदी, छत्रीवाली मुलगी आणि कागद कोपऱ्यापर्यंत रंगानं भरलेला. मुलांचा यात काही दोष नाही, त्यांच्यासमोर जे ठेवतो तेच ती काढणार. म्हणून चित्रकलेच्या तासाला जपानी लाकडी ठशांची चित्रं दाखवाच, मोबाईलवर का होईना.

हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं १८५७ सालचं, एदोतल्या (आताच्या टोकियोतल्या) ओहाशी पुलावरच्या पावसाचं चित्र बघा. पूल चौकटीनं कापलेला, पलीकडचा काठ उलटा तिरका आणि नुसता राखाडी, माणसं अंग चोरून पळतायत, खाली नदीत एकटा तराफेवाला, आणि या सगळ्यावरून बारीक काळ्या रेघांचा पाऊस. या रेघा ब्रशच्या नाहीत बरं का, लाकडात तेवढी बारीक रेघ उभी ठेवून बाजूचं सगळं कोरून काढायचं, कोरणारा कारागीर वेगळा, छापणारा वेगळा, प्रत्येक रंगाला सहसा वेगळा ठसा. काळ्याखेरीज मुख्य रंग तरी किती, निळा, राखाडी, पुलाचा पिवळट, बास. वरचा काळा ढग खाली येता येता विरत जातो, तो परिणाम ठशावरचा ओला रंग हातानं पुसून आणतात आणि प्रत्येक प्रतीला ते नव्यानं करावं लागतं! डच चित्रकार व्हॅन गॉगनं १८८७ साली हे चित्र तेलरंगात उतरवलं ते उगाच नाही.

होकुसाई या दुसऱ्या जपानी चित्रकाराच्या लाटेच्या चित्रातही तेच, जपानचा एवढा मोठा फुजी डोंगर लाटेखाली बोटभर ठेवलाय आणि म्हणूनच लाट अंगावर येते. त्यातला गडद निळा तर युरोपातून आलेला, बर्लिनमध्ये शोधलेला रंग.

आता आपल्या सांगलीत आयर्विन पूल आहे, पावसाळ्यात दुथडी भरलेली गढूळ कृष्णा आहे, यापेक्षा वेगळा विषय कशाला हवा? पण एखाद्या पोरानं पुलाचा नुसता तुकडा काढून बाकी पाणीच ठेवलं तर चित्र अर्धवट आहे म्हणून मार्क कापले जातात, याचं मला फार वाईट वाटतं. रिकामी जागासुद्धा विचार करून सोडलेली असते हो.

आपल्याला विनंती, हिरोशिगेचं ते चित्र एकदा रंगीत, अर्धं पान भरून छापा, त्यावर मजकूर नको, म्हणजे शिक्षकांना कापून वर्गात लावता येईल.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली