घरांच्या सौद्यांची माहिती वापरता येईल अशी द्या

महोदय,

घर शोधणाऱ्याच्या हाती लागतो तो जाहिरातीतला भाव, म्हणजे विकणाऱ्याची अपेक्षा. सौदा खरोखर कितीला झाला, हे दस्तात असते. पण आपल्याकडे हे नोंदणीचे दस्त स्कॅन करून ठेवलेले. एकेक उघडा, वाचा, वहीत उतरवून घ्या. याला ‘माहिती खुली केली’ म्हणणे म्हणजे विहीर सर्वांना मोकळी करून दोर-पोहरा काढून नेणे.

इंग्लंड आणि वेल्सचे जमीन नोंदणी खाते १९९५ पासूनच्या घरविक्रीची यादी मोफत देते. दर व्यवहाराला एक ओळ. तीत किंमत, तारीख, पत्ता, घराचा प्रकार, बांधकाम नवे की जुने आणि मालकी कायमची की भाडेपट्ट्याची, असे रकाने. बक्षीस दिलेली घरे यादीत घेतच नाहीत. जप्तीतून झालेली विक्री किंवा कंपनीने केलेली खरेदी वेगळ्या गटात दाखवतात. हे फार महत्त्वाचे. असे सौदे मिसळले की गल्लीतला भाव उगाच पडल्यासारखा किंवा चढल्यासारखा दिसतो.

एवढ्या नेटक्या यादीत क्षेत्रफळच नाही! ते घर किती ऊर्जा खाते हे सांगणाऱ्या ऊर्जा प्रमाणपत्रांमधून काढून जोडावे लागते आणि दोन्हीकडे पत्ता वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेला असला की जोडणी फसते. फ्रान्सने २०१९ मध्ये खुल्या केलेल्या नोंदींत क्षेत्रफळ आणि खोल्यांची संख्या मिळते. तिथली खोच निराळी. एकाच दस्ताने घर आणि गॅरेज विकले, तर ओळी दोन होतात आणि दोन्हींत संपूर्ण रक्कम छापलेली असते. न समजता बेरीज करणाऱ्याचा हिशेब दुप्पट होतो.

म्हणून माझ्या मते आपल्या यादीचे रकाने ठरवण्याआधी प्रत्येक घराला कायमचा क्रमांक द्यावा. रस्त्याचे नाव बदलो, इमारतीचे बदलो, क्रमांक तोच. मग तेच घर आधी कितीला गेले आणि आता कितीला, हे कुणालाही ताडता येईल. दोन वेगळ्या घरांची तुलना करण्यापेक्षा हे कितीतरी विश्वासार्ह. क्षेत्रफळासोबत ते भिंतींसकट मोजले की आतले, हेही लिहावे. नुसता आकडा निरुपयोगी. करार आणि नोंदणी यांच्या तारखा वेगळ्या ठेवाव्यात, कारण नोंदणी रेंगाळते आणि ताजे महिने नेहमी रिकामे दिसतात. भागाचा भाव सांगताना सरासरी टाळून मधली किंमत, म्हणजे सौदे किमतीच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी, द्यावी. एका आलिशान बंगल्याने सरासरी कुठल्या कुठे जाते.

घर कोणी घेतले, हे नाव मात्र या तक्त्यात नको. इंग्लंडच्या यादीतही ते नाही आणि भाव समजायला ते लागत नाही.

— एक वाचक