काकू, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे

ती. काकूंना,
शि. सा. न. वि. वि.

सुरुवात शाळेत शिकवली तशी केली आहे, पुढे ही शिस्त टिकेल असं वाटत नाही. मोबाइलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणजे हे पत्र तुमची नातच वाचून दाखवणार. तिला एवढंच सांगणं की मोठ्यानं वाच आणि आजी मध्ये बोलली तर थांब. ती बोलणारच.

आपली दादरची इमारत रिकामी होऊन वर्ष झालं. करार झाला, भाड्याचे चेक मिळाले, पत्र्याचं कुंपण लागलं. तुम्ही डोंबिवलीला मुलाकडे गेलात, आम्ही भांडुपला भाड्याच्या घरात. नवी इमारत तीन वर्षांत उभी राहील असं बिल्डर म्हणतो. मी १२ वर्षं साइट इंजिनिअर होतो, त्यामुळे या वाक्यावर मी काही बोलत नाही.

मी 'होतो' कसा झालो ते तुम्ही पाहिलंच आहे. बायकोची २६ आठवड्यांची रजा संपली. मला साइटवरून ३ दिवस मिळाले होते, त्यातला एक रविवार. तिची बँक ठाण्याला, माझी साइट पनवेलला आणि पाळणाघराची फी आकाशाला. हे गणित आम्ही पाच रात्री मांडलं, पाचही वेळा उत्तर एकच आलं. मला वाटलं, त्यात काय? भर पावसात शंभर मजुरांकडून स्लॅब टाकून घेणाऱ्या माणसाला सात किलोचं एक पोर आवरणार नाही?

पहिल्या सोमवारी सकाळी साडेनऊला पोरीनं रडायला सुरुवात केली. दूध पिऊन झालं होतं, लंगोट कोरडा होता, ढेकर निघाला होता. मी साइटवर करायचो तेच केलं, म्हणजे तिघांना फोन लावला. आईनं साताऱ्याहून ओव्याची धुरी सुचवली. मित्र म्हणाला, मिक्सर चालू कर, आमची त्यानंच झोपायची. तिसरा मीटिंगमध्ये होता. मी रिकामा मिक्सर फिरवत उभा असताना तुम्ही आत आलात. पोरीकडे पाहिलंत, मग मिक्सरकडे, मग माझ्याकडे.

"कान ओढतेय ती मघापासून. झोप आलीय तिला. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करतोस होय?"

मिक्सर बंद केलात, पडदा ओढलात, माझ्या खांद्यावरचं दुपटं घेतलंत आणि पोरीला मांडीवर घेऊन नुसतं थोपटलंत. ती झोपली. मी म्हणालो, "काकू, कमाल आहे तुमची." तुम्ही म्हणालात, "कमाल कसली? आधी शर्ट बदल, सगळा ओकारीनं भरलाय."

नाचणीच्या सत्त्वाची गोष्ट तुम्ही अख्ख्या इमारतीला सांगितलीत, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. मी केलेलं पहिलं सत्त्व पातेल्यातच सेट झालं. चमचा उभा राहिला. मी तुम्हाला मोठ्या उत्साहानं स्लंप टेस्ट समजावली: काँक्रीट किती घट्ट आहे ते बघायला ३०० मिलिमीटर उंचीच्या शंकूत माल भरतात, शंकू वर उचलतात आणि ढीग किती खाली बसतो ते मोजतात. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत. मग वाटीभर सत्त्व ताटलीत उपडं केलंत. ते वाटीच्या आकारात तसंच बसून राहिलं. जराही खचलं नाही.

"तुझ्या टेस्टात हे पास का?"

त्यानंतर शिकलो. आधी गार पाण्यात कालवायचं, मंद आचेवर ढवळत राहायचं, दार वाजलं तरी हात थांबवायचा नाही. आणि गाठी झाल्याच तर चमच्यानं चेपत बसायचं नाही, गाळून मोकळं व्हायचं. कॉलेजात चार वर्षांत इतकं नेमकं मला कुणी शिकवलं नव्हतं.

हे पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगतो. त्या काळात माझं फार कौतुक होत होतं. पोरीला पोटाशी बांधून भाजी आणायला गेलो की भाजीवाली कोथिंबिरीची जास्तीची जुडी टाकायची. टॅक्सीवाले आरशातून बघून मान डोलवायचे. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात थांबवून पाठ थोपटायचे. (माझे वडील तेवढे अपवाद. त्यांनी गावात सगळ्यांना मी 'वर्क फ्रॉम होम' करतो असं सांगितलंय. तसं बघितलं तर खोटं नाही.) बायको रोज सव्वाआठची लोकल पकडायची, लेडीज डब्यात उभ्यानं ठाणं गाठायची, संध्याकाळी येऊन रात्रीची जागरणं करायची. तिची पाठ कुणी थोपटली नाही. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कारण मी कोथिंबीर निवडत होतो.

मग नवव्या महिन्याची लस आली, गोवर-रुबेलाची. महापालिकेच्या दवाखान्यात लांबलचक रांग होती. रांगेत मी एकटाच बाप. "आई कुठंय?" असं चार जणींनी विचारलं, आणि आई कामावर आहे म्हटल्यावर सगळ्यांनी मिळून मला पुढे सोडलं. सुई टोचली, अ जीवनसत्त्वाचा डोस तोंडात गेला, पोरगी रडली, मीही थोडासा. अर्ध्या तासात घरी. हा पराक्रम मी तुमच्या दारात उभा राहून साग्रसंगीत सांगितला. तुम्ही वाल सोलत होतात. वर न बघताच विचारलंत, "मागे कोण होतं?"

मी आठवलं. एक बाई होती. एक मूल कडेवर, एक पदराला धरून.

"तिला कुणी विचारलं, बाप कुठंय म्हणून? आणि ती लोकं म्हणाली पुढे जा, तर तू गेलास?"

वाल सोलायला बसलो मग. तुम्ही मला एकदाही शाबास म्हणाला नाहीत, काकू. त्याबद्दल हे आभार. पहिल्या खेपेच्या कुठल्याही आईला जसं बोलला असतात तसंच मला बोललात, अगदी त्याच शब्दांत. एरवी 'बाबा असून किती करतो' हे ऐकत मी चार-पाच महिन्यांत पार फुगून गेलो असतो.

पुढे एकदा मी तुम्हाला सरकारी आकडे वाचून दाखवले होते, आठवतं? २०१९च्या वेळ-वापर पाहणीतले. ज्या बायका घरकाम करतात त्यांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. तुम्ही कपड्यांची घडी घालता घालता म्हणालात, "सत्त्याण्णव? कोण आहेत रे हे? एकाला तरी आणून दाखव." गेलेल्या काकांच्या फोटोकडे एकदा बघितलंतही.

आणि बोरन्हाण. पोरीला हलव्याचे दागिने तुम्ही घातलेत, डोक्यावरून चुरमुरे-बोरं तुम्ही ओतलीत, मी फक्त सतरंजीवरचे चुरमुरे तिच्या तोंडातून काढत होतो. त्यालाच जोडून हळदीकुंकू. बायकोला हळदकुंकू लावलंत, तिळगूळ दिलात, आणि वाण द्यायची वेळ आली तेव्हा हात आखडता घेतलात. "हे गाळणं आहे. तुमच्या घरात गाळणं कोण वापरतं?" बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं. पंधरा बायकांच्या देखत तुम्ही वाण माझ्या हातात ठेवलंत. मला आजवर मिळालेलं एकमेव बक्षीस ते. हेल्मेट घालून काढलेला माझा फोटो दिवाणखान्यात आहे, गाळणं स्वयंपाकघरात. रोज हाताशी लागतं ते गाळणंच.

राणीच्या बागेचं मात्र तुम्ही फार ताणलंत. २०१६ साली सोलहून आणलेले पेंग्विन बघायला पोरगी आठवडाभर उड्या मारत होती. पाण्याची बाटली, खाऊ, जादा कपडे, टोपी अशी मोहीम काढून आम्ही बसनं भायखळ्याला गेलो आणि फाटकाला कुलूप. बुधवार होता. तुम्हाला इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "बुधवारी बाग बंद असते हे दादरचं शेंबडं पोरही सांगेल!" आमचं शेंबडं पोर तेव्हा दोन वर्षांचंही नव्हतं, काकू.

सामान ट्रकमध्ये चढत होतं त्या दिवशी तुम्ही मेतकुटानं भरलेला स्टीलचा डबा हातात दिलात. झाकणावर काकांचं नाव आणि १९७८ कोरलेलं. मेतकूट दहा दिवसांत संपलं. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून राहिला. आता त्यात नाचणीचे लाडू भरलेत, मी वळलेले. नाचणी खमंग भाजलीय. तूप थोडं कमी पडलंय, तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगतो.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून आम्ही तिघं शनिवारी दुपारची गाडी पकडून येतो. लेक बालवाडीत जाते आता, आणि 'डोंबिवलीची आजी ओरडते का?' असं रोज विचारते. हो म्हणून सांगितलंय.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा 'अरे बाबा'

ता. क. डब्याचं झाकण एका बाजूनं चेपलंय. पोरीनं पाडलं असं सांगणार होतो. माझ्या हातून पडलं.